साठवणीसाठी गोव्यातली रानफळे: शोधावी कुठे, घ्यावी कधी, पारखावी कशी

खायला घ्यायचे फळ आणि बरणीत घालायला घ्यायचे फळ, ही दोन वेगळी खरेदी आहे. खायला पिकलेले, गोड, रसाळ फळ हवे. जेलीला अर्धकच्चे आणि आंबट हवे, लोणच्याला कोवळे हवे, मांगाडाला (आंब्याच्या जॅमला) पूर्ण पिकलेले पण आंबटपणा टिकवून असलेले हवे. करवंद, भिरंड (कोकम), बिंबल (बिलिंबी), अंबाडे, तोरंजन (पपनस), मुसराद आंबा अशी एकाहून एक सरस फळे गोव्यात पिकतात, आणि त्यातली बरीचशी फळवाल्याच्या दुकानात कधी दिसतच नाहीत. टोपलीत दिसतात तीही खाणाऱ्यासाठी निवडलेली असतात. त्यामुळे साठवणीचे फळ सहज जाऊन मिळत नाही. ते आठवडाभर आधी, नेमक्या शब्दांत सांगून ठेवावे लागते.

आधी पदार्थ, मग फळ

घरून निघण्यापूर्वी काय करायचे आहे ते ठरवा, कारण एकाच झाडाचे फळ तीन अवस्थांत तीन कामांना येते. करवंदाचे उदाहरण घ्या. हिरवे, टणक करवंद लोणच्याचे. लालसर-गुलाबी झालेले, अजून मऊ न पडलेले करवंद जेलीचे, कारण पेक्टिन (जेली घट्ट करणारा फळातला घटक) आणि आंबटपणा दोन्ही त्यात भरपूर असतात. काळे पिकलेले करवंद सरबताचे आणि खाण्याचे. त्याला रंग आणि स्वाद आहे, पण एकट्याने ते घट्ट होत नाही.

अंबाड्याचेही तसेच. लोणच्यासाठी आतली बी बनायच्या आत फळ घ्यावे लागते, चटणी-मुरंब्यासाठी पूर्ण वाढलेले, पिवळसर व्हायला लागलेले. हे ठरवून न जाणारा माणूस मिळेल ते उचलतो, आणि मग घट्ट न होणाऱ्या जेलीला दोष देतो.

वर्षाचा क्रम

मार्च-एप्रिलमध्ये काजूचे बोंडू आणि बिंबल. बिंबलाच्या झाडाला वर्षात एकाहून अधिक वेळा बहर येतो, पण मीठ लावून वाळवायचे असेल तर उन्हाळ्यातलाच घ्यावा. याच दिवसांत पानाच्या खोल्यात (द्रोणात) चुन्नां ही छोटी पांढरी रानफळे विकायला येतात. ती खाऊन संपवावी: बी मोठी, गर नावाला, साखर घालून हाती काही लागत नाही.

एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत सगळे एकदम येते. करवंदे (बाजारात ती ‘कांटां’ म्हणून मागावी), भिरंडे, सासव या कालवणाची घोंटां (छोटे रायवळ आंबे), मुसराद, फणस. साठवण करणाऱ्याचे खरे सहा आठवडे हेच, आणि याच काळात घड्याळही चालू असते. गोव्यात मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, वळवाच्या सरी त्याआधीच येऊन जातात. उन्हात वाळवायची प्रत्येक गोष्ट मेच्या मध्यापर्यंत आटोपलेली बरी. भिरंडाचा भर आणि उन्हाचा शेवट एकाच सुमारास येतात, म्हणून सोलांसाठीची (आमसुलांसाठीची) भिरंडे पहिल्या तोडीची घ्यावी. उशिराची भिरंडे आगळ (मिठातला आंबट रस) आणि सरबताकडे वळवावी, तिथे कडक उन्हावाचून फारसे अडत नाही.

जांभूळ मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला. एक चांगली सर पडली की त्यात पाणी भरते, साल फुटते आणि अळीचे प्रमाण वाढते. जांभळाचा जॅम करायचा असेल तर पावसापूर्वीचीच जांभळे घ्यावी.

पावसाच्या उत्तरार्धात, चतुर्थीच्या आगेमागे, अंबाडे आणि तोरंजन.  तोरंजन पुढे हिवाळ्यापर्यंत मिळत राहते. थंडीत आवळे आणि पेराद (पेरूची घट्ट वडी) करायला पेरू. मोयऱ्याची केळी ऋतूवर फारशी अडून नसतात.

कुठे शोधावे

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार सगळ्यांना ठाऊक आहे. पण रानफळांसाठी तिथे मधल्या मोठ्या गाळ्यांवर वेळ घालवू नये. कडेला, जमिनीवर गोणपाट अंथरून दोन-तीन टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडे जावे. ज्या बाईकडे एका टोपलीत भाजी, दुसरीत चार नारळ आणि तिसरीत ओंजळभर करवंदे असतात, ती बहुधा स्वतःच्या कुळागरातला (नारळ-सुपारीच्या बागेतला) किंवा गावच्या डोंगरावरचा माल घेऊन आलेली असते. जिच्याकडे एकाच फळाच्या चार पेट्या एकसारख्या मापाच्या असतात, तिने माल घाऊक घेतलेला असतो. तो वाईट असतो असे नव्हे, पण तोडणी कधीची आणि झाड कुठले हे ती सांगू शकत नाही, आणि आपल्याला नेमके तेच विचारायचे असते.

डिचोलीचा बुधवार आणि वाळपईचा मंगळवार हे दोन बाजार रानाच्या जास्त जवळ आहेत. सत्तरी तालुक्यातल्या गावांतून आलेला माल वाळपईत सकाळी उतरतो आणि करवंदांसारखे नाजूक फळ दुपारपर्यंत संपते. आठ वाजायच्या आत पोचावे. दक्षिणेकडच्यांना सांगे, केपे, काणकोणचे बाजार तसेच उपयोगी. फोंड्याचा बाजार अंत्रुज महालातल्या (फोंडा परिसरातल्या) कुळागरांना लागून आहे. तोरंजन, अंबाडे, बिंबल आणि भिरंडे यांची चौकशी आधी तिथे करावी.

मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला लागून पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठ्याची, फेरी (जत्रा) भरते. फेस्त पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास येते, म्हणजे बहुतेक वर्षी मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला. ताजी फळे घ्यायला ती जागा नाही. पण सोलां, चिंच, सुकी मिरची असा पावसाळ्याचा साठा तिथे एकाच ठिकाणी दिसतो, आणि चांगले सोल कसे दिसते, भाव काय चालला आहे हे कळायला तिच्याइतकी चांगली शाळा नाही. पणजीत मे महिन्यात होणारा कोकण फ्रूट फेस्ट वेगळ्या कामाचा: तिथे आंब्या-फणसाच्या जाती नावानिशी मांडलेल्या असतात आणि बागायतदार स्वतः हजर असतात. मुसराद, इलारियो, फेर्नांदिना यांतला फरक डोळ्यांनी आणि नाकाने ओळखायला शिकावे ते तिथे.

तिसरा मार्ग सर्वांत भरवशाचा: झाडाचा मालक. गोव्यात कितीतरी घरांच्या परसात बिंबलाचे, तोरंजनाचे, अंबाड्याचे एखादे झाड असते आणि त्याचा निम्माशिम्मा माल खाली पडून कुजतो. शेजारी, नात्यागोत्यात, देवळातल्या मंडळींत विचारून ठेवा. बिंबल तर बहुतेक वेळा पैशाशिवाय मिळते. तयार झाल्यावर एक बाटली परत द्यायची रीत पाळली की पुढल्या वर्षी बोलावणे आपोआप येते.

अभयारण्यात जाऊन स्वतः तोडायचा विचार मात्र करू नये. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि मोलेचे भगवान महावीर ही संरक्षित क्षेत्रे आहेत. तिथले वन्यजीव पोट भरतात ते याच फळांवर.

सांगून ठेवण्याची पद्धत

पहिल्या भेटीत थोडेसेच विकत घ्या, पाव किलो, आणि विचारा: झाड डोंगरावरचे की परसातले, काल तोडले की आज, अजून किती आठवडे येईल. ‘बाय, कशीं दिलीं?’ ने सुरू झालेले बोलणे तोडणीपर्यंत गेले की समोरची व्यक्ती आपल्याला नुसते गिऱ्हाईक समजत नाही.

मग मागणी अशी द्यावी: फळ, अवस्था, वजन, दिवस. ‘जेलीला करवंदे हवीत’ एवढे सांगणे पुरेसे नाही. ‘पुढल्या मंगळवारी चार किलो करवंदे, तीन भाग लाल टणक आणि एक भाग काळी, वेगळ्या पिशव्यांत, त्याच पहाटे किंवा आदल्या संध्याकाळी तोडलेली’ असे सांगावे. देठासकट हवे असेल तर तेही. अवस्था सांगताना एक नमुना हातात घेऊन दाखवा, शब्दांवर विसंबू नका. ‘अर्धे पिकलेले’ याचा अर्थ प्रत्येकाचा निराळा असतो.

थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि सांगितलेला माल आला की घ्यावाच. काट्यांत हात घालून चार किलो करवंदे तोडायला अर्धा दिवस जातो. ती बाजारात आणल्यावर गिऱ्हाईक आलेच नाही, तर संध्याकाळपर्यंत त्यांची किंमत शून्य होते. अशा मालावर दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणे योग्य नाही. घासाघीस करायची असेल तर दर्जावर करा: कुजकी बाजूला काढायला लावा, मापात पाने-काटक्या नकोत म्हणून सांगा.

वाटा, शेकडा आणि किलो

रानफळे अजूनही वाट्याने (छोटे ढीग लावून), खोल्याने किंवा डब्याने विकली जातात, कच्चे आंबे शेकड्याने. साठवणीचे प्रमाण मात्र वजनावर चालते. एक छोटा ताणकाटा पिशवीत ठेवा. एक वाटा घ्या, वजन करा, त्यावरून किती वाटे लागतील ते काढा.

घरी हाती किती लागेल याचा अंदाज खरेदीपूर्वीच हवा. भिरंडाच्या वजनाचा साधारण निम्मा भाग साल असते, म्हणजे दोन किलो सालीसाठी चार किलो भिरंडे. मुसरादाचा गाळलेला गर साधारण निम्मा धरावा. तोरंजनात साल आणि पांढरा गाभाच इतका असतो की दोन मोठ्या फळांत घरापुरता मार्मलेड होतो. आणि एकावेळी पाच किलोपेक्षा जास्त नाजूक फळ घेऊ नका. निवडणे, धुणे, बिया काढणे, शिजवणे हे सगळे एका दिवसात दोन माणसांना झेपेल इतके तेच असते; उरलेले दुसऱ्या दिवशी आंबते.

टोपलीपाशी काय पाहावे

वरचा थर बघून घेऊ नका. परवानगी मागून हात तळाशी घाला. तळ ओला, गरम किंवा आंबूस वासाचा असेल तर माल कालचा किंवा परवाचा आहे.

करवंद दोन बोटांत दाबा: जेलीसाठीचे दबता कामा नये, देठापाशी पांढरा चीक आलेला चांगला, तो ताज्या तोडीची खूण. भिरंड गडद लाल, सालीवर सुरकुत्या नसलेले आणि दाबल्यावर किंचित लवचिक हवे. फुटलेली भिरंडे सोलांना चालतात, सरबताला नाहीत, कारण फुटलेल्या जागी आंबणे आधीच सुरू झालेले असते. बिंबल फिकट हिरवे, कडक, बोटाने वाकवल्यावर कट्ट आवाज करून मोडणारे घ्या. पिवळसर आणि पारदर्शक झालेले दोन तासांत गळते. अंबाड्यात टाचणी खुपसून पाहा. आरपार सहज गेली तर लोणच्याचे, मध्ये अडली तर बी धरली आहे, मग ते उडीदमेथीच्या आमटीला किंवा मुरंब्याला. तोरंजन आकाराने नाही, वजनाने निवडा: सारख्या आकाराच्या दोनांतले जड ते रसाळ.

जांभळाला एक जास्तीची परीक्षा. चार-पाच जांभळे फोडून बघा. एकात अळी असेल तर बाकीच्यांतही असण्याची शक्यता धरा. घरी आणल्यावर एक लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ घालून पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवली की अळ्या बाहेर येतात, पण अर्ध्या किलोत दहा अळ्या असतील तर ती जांभळे जॅमला घेऊ नयेत.

आंब्यांपुरती एक सावधगिरी. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला भारतात बंदी आहे, तरी असे आंबे येतात. साल सगळीकडून एकसारखी पिवळी, देठापाशी वास नाही, कापल्यावर आत पांढुरका आंबट गर, ही लक्षणे. अशा आंब्याचा मांगाड कितीही साखर घातली तरी फिका लागतो.

माटोळीच्या बाजारात जपून

चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत फोंडा, डिचोली, म्हापसा येथे माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचे) सामान येते. वर्षभरात एकाच जागी इतकी रानफळे दुसरीकडे दिसत नाहीत, आणि नवख्या माणसाला ती सगळीच साठवणीची वाटतात. तसे नाही. माटोळीला बांधतात ते शोभेसाठी आणि निसर्गाच्या मानासाठी. त्यातले बरेच खाण्याचे नसते. लालभडक कवंडळ दिसायला सुंदर आहे, पण ते तोंडात घालायचे फळ नव्हे. घागऱ्यांच्या शेंगाही खाण्याच्या नव्हेत. दिवाळीत पायाखाली फोडायचे कारीट कडूजहर असते. विकणाऱ्या बाईला दोन वेगळे प्रश्न विचारा: ‘हे खातात का?’ आणि ‘तुमच्या घरी याचे काय करतात?’ दुसऱ्याचे उत्तर आले नाही तर घेऊ नका.

खाण्यातली फळे, म्हणजे तोरंजन, अंबाडे, नीरफणस, चिबूड, त्या दिवसांत दुप्पट भावाने विकली जातात. चतुर्थी उलटून आठवडा जाऊ द्या. तीच फळे तेव्हा पडत्या भावात मिळतात आणि तोरंजन तोवर आणखी भरलेले असते.

घरापर्यंत

प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून बंद गाडीत ठेवलेली करवंदे तासाभरात घामेजतात. वेताची टोपली किंवा भोके असलेला क्रेट न्या, तळाला केळीचे पान, करवंद-जांभळाचा थर चार बोटांपेक्षा जाड नको. धुणे शिजवण्याच्या अगदी आधी. धुऊन ठेवले की बुरशी.

थांबण्याची मुदत: बिंबल आणि जांभूळ त्याच दिवशी, बोंडूही त्याच दिवशी, उन्हाळ्यात तो काही तासांत आंबायला लागतो, करवंद २४ तास, पिकलेले भिरंड दोन दिवस, अंबाडे पाच-सहा दिवस, तोरंजन दोन आठवड्यांहून जास्त, सावलीत.

पेक्टिनची परीक्षा

साखर घालण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा केली नाही तर बाकी सगळी पारख फुकट. गाळलेला फळाचा रस एक चमचा घेऊन पूर्ण थंड करा. काचेच्या वाटीत त्यात तीन चमचे सर्जिकल स्पिरिट घाला, हलकेच फिरवा, एक मिनिट थांबा. सगळ्याचा मिळून एक घट्ट गोळा झाला तर पेक्टिन भरपूर: एक लिटर रसाला एक किलोपर्यंत साखर. दोन-तीन सैल गोळे झाले तर मध्यम: ७०० ते ७५० ग्रॅम. बारीक चुरा तरंगला तर कमी: हा रस आणखी आटवा, नाहीतर त्यात कच्च्या करवंदाचा, पेरूचा किंवा तोरंजनाच्या पांढऱ्या गाभ्याचा काढा मिसळा. वाटीतले चाखू नका, फेकून द्या. घरात फेणी असली तरी इथे चालत नाही. तिच्यात मद्यार्क ४२-४३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि तेवढ्याने पेक्टिन नीट साकळत नाही.

करवंदाची जेली

तीन भाग लाल टणक, एक भाग काळी. एक किलो फळ, देठ काढून, मिठाच्या पाण्यात दोनदा धुतलेले. चीक भांड्याला चिकटतो, म्हणून हाताला आणि भांड्याच्या काठाला तेलाचे बोट लावा. स्टीलच्या जाड पातेल्यात फळ बुडेल इतके पाणी, साधारण पाऊण लिटर. झाकून मंद आचेवर २०-२५ मिनिटे, मध्ये पळीने चेचत. मलमलीच्या दुहेरी फडक्यात ओतून रात्रभर टांगा. फडके पिळू नका. पिळले की गर उतरतो आणि जेली गढूळ होते.

सकाळी रस मोजा, पेक्टिन पाहा, साखर ठरवा. रस उकळल्यावर साखर घाला, विरघळेपर्यंत ढवळा, मग मोठ्या आचेवर न ढवळता उकळा. एकावेळी एक लिटरपेक्षा जास्त रस घेऊ नका, नाहीतर आटायला वेळ लागतो आणि जास्त उकळल्याने पेक्टिनच तुटते. तापमान १०४-१०५ अंश सेल्सिअसला पोचले की झाले. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा. समुद्रसपाटीला तो १०० दाखवायला हवा, कमी-जास्त असेल तेवढा फरक धरा. थर्मामीटर नसेल तर फ्रीजमधल्या थंड बशीवर थेंब टाकून मिनिटभराने बोटाने ढकला: वर सुरकुती पडली पाहिजे. ही परीक्षा करताना गॅस बंद ठेवा. बशी थंड होईपर्यंत पातेले उकळत राहिले तर जेली पुढे निघून जाते.

भिरंडाचे तीन प्रकार, एकाच खरेदीत

भिरंडे अर्धी कापून बिया व गर एका भांड्यात, साली दुसऱ्यात. काच, चिनीमाती किंवा चांगले स्टील. अॅल्युमिनियम आणि पितळ नको, आम्ल धातू खाते.

सोलांसाठी गराच्या रसात मीठ घालून त्यात साली बुडवा, रात्रभर ठेवा, दिवसा उन्हात वाळवा, संध्याकाळी पुन्हा त्याच रसात. असे पाच ते सात दिवस, साल काळपट आणि वाकवल्यास न तुटणारी होईपर्यंत. आगळासाठी एक किलो साल-गराला १५० ते २०० ग्रॅम मीठ थराथराने, बरणीत पाच-सहा दिवस, रोज हलवून, मग गाळून. मीठ कमी केले की आगळ आंबून फसफसते. सरबतासाठी एक किलो सालीला दोन किलो साखर, थराथराने, तोंडाला कापड बांधून सात-आठ दिवस उन्हात, रोज लाकडी चमच्याने ढवळत. सगळी साखर विरघळली की गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि थोडे मीठ घाला. गाळून उरलेल्या गोड साली ताटात पसरून एक दिवस वाळवा. मुलांना त्या गोळ्यांसारख्या आवडतात. बिया धुऊन वाळवल्या तर भिरंडेलाच्या (कोकमाच्या तेलाच्या) कामी येतात.

बिंबल

एक किलो बिंबल उभे चिरून त्याला १०० ते १२० ग्रॅम मीठ चोळा, रात्रभर ठेवा, सुटलेले पाणी ओता, दोन-तीन दिवस कडक उन्हात सुकवा. हे वर्षभर आमटी-हुमणात (माशांच्या कालवणात) चालते, आणि गूळ-मिरची घालून गोड लोणचेही याचेच चांगले होते, कारण ताज्या बिंबलाचे लोणचे पाणी सोडत राहते. एक गोष्ट गांभीर्याने घ्या: बिंबलात आणि करमलांत (स्टारफ्रूटमध्ये) ऑक्सॅलिक आम्ल भरपूर असते. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ही दोन्ही फळे टाळावी, आणि निरोगी माणसानेही बिंबलाचा ताजा रस औषध म्हणून पेलाभर पिऊ नये. त्याने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. चवीपुरते खाण्याचे फळ आहे ते.

तोरंजन आणि मांगाड

तोरंजनाचा हिरवा-पिवळा पापुद्रा पातळ सोलून बारीक चिरा. पांढरा गाभा आणि बिया कापडात बांधून पुरचुंडी करा, पेक्टिन त्यात आहे. चिरलेली साल तीन वेळा नव्या पाण्यात दहा-दहा मिनिटे उकळून पाणी ओता. दोनदा केले तर कडवटपणा राहतो, पाचदा केले तर वासही जातो. मग साल, सोललेल्या फोडी, पुरचुंडी आणि बुडेल इतके पाणी एकत्र शिजवा. साल बोटांत सहज तुटली पाहिजे, तोवर साखर घालू नका. साखर पडल्यावर साल पुढे शिजत नाही, उलट कडक होते. पुरचुंडी पिळून काढा, उरेल त्याच्या वजनाइतकी साखर आणि दोन लिंबांचा रस घालून १०४ अंशांपर्यंत न्या.

मांगाडाला मुसराद, कारण आंबटगोड आणि गर दाट. मानकुराद त्यात घालणे म्हणजे खायचा उत्तम आंबा वाया घालवणे. गर चाळणीतून गाळून धागे काढा. एक किलो गराला ७०० ग्रॅम साखर, जाड बुडाचे भांडे, लांब दांड्याचा लाकडी डाव, कारण घट्ट होताना उडणारा थेंब हात भाजतो. कडा सोडू लागेपर्यंत, तासाभराच्या आसपास, ढवळत राहायचे. बुडाला लागल्याचा वास आला तर खरवडू नका, वरचे दुसऱ्या भांड्यात घ्या. मोयऱ्याच्या केळ्यांची फिगाद याच रीतीने होते, फक्त साखर ५०० ते ६०० ग्रॅम, लिंबाचा रस हवाच, आणि केळी साल काळी पडेपर्यंत पिकलेली.

बिघडते ते का

जेली घट्ट होत नाही: फळ जास्त पिकलेले, किंवा पेक्टिन न पाहता जास्त साखर. दोन लिंबांचा रस घालून एकदाच पुन्हा उकळून बघावे. तिसऱ्यांदा उकळू नये, त्यापेक्षा सरबत म्हणून वापरावी. जेलीतून पाणी सुटते: आम्ल जास्त, करवंदे फार कच्ची होती. साखरेचे खडे: आम्ल कमी किंवा जास्त आटवलेले. जॅम फसफसतो: विद्राव्य घटक (मुख्यतः विरघळलेली साखर) ६५ टक्क्यांच्या खाली राहिले, म्हणजे आटवणे अपुरे किंवा ‘कमी गोड’ करण्याच्या नादात साखर घटवलेली. कमी साखरेचे करायचेच असेल तर ते फ्रीजमध्ये ठेवायचे आणि तीन-चार आठवड्यांत संपवायचे.

पावसाळ्यातली बुरशी बहुधा बरणीतून येते. पाव लिटरच्या लहान बरण्या घ्या, १५ मिनिटे उकळा, ओव्हनमध्ये किंवा उलट्या ठेवून पूर्ण कोरड्या करा. जॅम गरम असतानाच, काठापासून अर्धा सेंटीमीटर सोडून भरा, नवे झाकण लावा आणि बरण्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवा. कोमट जॅमवर झाकण लावले की आत वाफेचे थेंब जमतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. बरण्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जुलैत गोव्यातल्या भिंती पाझरतात. चिठ्ठीवर फळ, तारीख, बाजार आणि विकणाऱ्या बाईचा गाव लिहा, पेन्सिलने, कारण दमटपणात शाई पसरते. पुढल्या एप्रिलमध्ये कुठल्या झाडाची करवंदे पुन्हा मागायची, ते त्या चिठ्ठीवरून कळते.